अक्काचा कर्सर

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, माऊसचा भारी तिटकारा. धारवाडच्या कचेरीत तिची सारी नोकरी टाइप करण्यात गेली. बोटं कीबोर्डवरून उचलून बाजूला न्यायची म्हणजे तिला शुद्ध कामचुकारपणा वाटायचा. मराठी मंडळाची स्मरणिका दरवर्षी आम्ही दोघी घरीच टाइप करून द्यायचो. मी माऊसकडे हात नेला की ती ओरडायची, "मनीगे होग!" होमच्या बटणाला ती आमच्या इकडच्या कानडीत ‘मनी’ म्हणायची, म्हणजे घर. आधी घरी जा, ओळीच्या सुरुवातीला. मग शिफ्ट धरून एंड दाब, अख्खी ओळ निवडली जाते. मग कंट्रोल आणि बी, की अक्षरं ठळक.

एकदा मंडळाचे चिटणीस शेजारी बसून मजकूर सांगत होते. अक्का मला म्हणाली, "मनीगे होग," आणि ते बिचारे लालबुंद होऊन चपला शोधायला लागले. त्यांना परत बसवेपर्यंत चहा निवला. आम्ही दोघी नंतर पोट दुखेपर्यंत हसलो.

पुढे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि भाचा तिला पुण्याला घेऊन गेला. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेली अक्का तिथलीच होऊन बसली. फोनवर सगळं छान असतं. सून छान, हवा छान, फ्लॅट छान. मला त्या ‘छान’चा राग येतो.

स्मरणिकेची फाइल भाच्यानं ऑनलाइन ठेवून दिली, म्हणजे आम्हा दोघींना ती एकाच वेळी उघडता येते. तिचा कर्सर म्हणजे एक गुलाबी उभी रेघ. ती शब्दाशब्दावरून टुणटुण उड्या मारत येते, कारण अक्का कंट्रोल धरून बाण दाबते. ती रेघ दिसली की घरात कुणीतरी आल्यासारखं वाटतं. काम संपलं की ती जाते, आणि मला ते सोसत नाही.

म्हणून मी चावटपणा सुरू केला. शीर्षकं ठळक करायचीच नाहीत. ‘आणि’ची णी दीर्घ ठेवायची. अक्का प्रत्येक चूक दुरुस्त करत बसायची, आणि मी हातावर हनुवटी टेकून बघत राहायचे.

परवा लेखाच्या मधोमध तिनं टाइप केलं, "मास्तरीण होतीस ना गं? मुद्दाम करतेस."

मीही तिथंच उत्तर दिलं, "हो, मुद्दाम. नाहीतर तू येतेस कुठे? तुझ्यावाचून घर खायला उठतं. दसऱ्याला ये आणि परत जाऊ नकोस."

रेघ टुणटुण करत माझ्या ओळीच्या टोकाशी आली. मग खाली उमटलं, ‘येते’.

मी खुर्चीतून उठलेच. तिची खोली झाडायची, गाद्यांना ऊन दाखवायचं, सगळं मनात सुरू झालं. एवढ्यात तिनं बॅकस्पेस दाबलं. शेवटची मात्रा गेली, ‘येत’ राहिलं. मग त गेला. उरलं नुसतं ‘ये’, आणि तिथं तिचं बोट थांबलं. तिनं पुढे पूर्णविराम दिला.

अक्का आता इकडे परतणार नव्हती. धारवाड सोडून मला कुठेच करमत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी तिनं मला बोलावलं. तिथं ती किती एकटी पडली असेल, हे मला त्या एका अक्षरावरून कळलं.