नावं धरून बसलेले मामा

लोकांना नावं ठेवणारी माणसं वऱ्हाडात गल्लोगल्ली सापडतील, पण नुसती नावं धरून ठेवणारा आणि तेवढ्यावर समाधानाने जगणारा माणूस अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत मिळून एकच असेल. ते माझ्या बायकोचे सख्खे मामा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी कोणी प्लॉट घेतला, कोणी संत्र्याची झाडं लावली, कोणी गुडघे बदलून घेतले. मामांनी डोमेन घेतलं. मग आणखी एक घेतलं. आज त्यांच्याकडे अशी चाळीसेक नावं आहेत आणि त्यांतलं एकही कशाच्याही उपयोगात नाही.

डोमेन म्हणजे काय, हे मामा भेटेल त्याला समजावून सांगतात, समोरच्याने विचारलेलं असो वा नसो. आमच्या साखरपुड्यात त्यांनी माझ्या वडिलांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "व्याही, तुमचं डोमेन हाय काय?" माझे वडील मधुमेहाचे जुने रुग्ण. ते लगेच म्हणाले, "मागच्याच महिन्यात तपासलं. नॉर्मल आहे." मग मामांनी जिलेबीचं ताट हातात धरून त्यांना सगळं सांगितलं. इंटरनेटवर दुकान मांडायचं तर पत्ता लागतो. तो पत्ता म्हणजे डोमेन. "अमरावतीत प्रकाश नावाचे हजार मानसं असतीन, व्याही. पन इंटरनेटवर प्रकाश डॉट कॉम एकच. एका नावाचा एकच धनी. आज आपन नाव घेऊन ठेवाचं, उद्या ज्याले पायजे तो आपल्या दारात येते." वडिलांनी विचारलं, "आणि नाही आला तर?" मामा म्हणाले, "तं नाव कुठं सडून राहिलं?"

हे वाक्य मामींसमोर मात्र ते म्हणत नसत. दर वर्षी प्रत्येक नावाची मुदत वाढवून घ्यावी लागते, आणि त्या दिवशी मामी भाजीत मीठ जरा जास्त टाकतात असं माझ्या बायकोचं निरीक्षण आहे.

मामांच्या हौसेला शिस्त होती, हे मात्र कबूल करायला हवं. उभी हयात त्यांनी कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले. खरखरत्या लाइनवर कोणतं नाव पोचतं आणि कोणतं वाटेत विरघळतं, हे त्यांच्या कानात मुरलेलं. त्यामुळे कोणतंही नाव घेण्याआधी ते त्याची धारणीची चाचणी करत. मेळघाटातल्या धारणी गावात शब्बीरभाई राहतात. मामांच्याच खात्यातले लाइनमन, आता तेही निवृत्त. तिकडे मोबाइलची रेंज अशी की निम्मं बोलणं डोंगर खातो. मामा शब्बीरभाईंना फोन लावायचे, नाव एकदाच उच्चारायचे, आणि शब्बीरभाईंनी ते इंग्रजी अक्षरांत लिहून पुन्हा अक्षर अक्षर वाचून दाखवायचं. जुळलं तर नाव पास. "मेळघाटातून जे नाव धड बाहेर येते, जवाईबापू, ते दुनियेत कुठंई जाते."

या चाचणीने भल्याभल्या नावांचे बळी घेतले. मराठी शब्द इंग्रजीत लिहिला की 'व'साठी व्ही की डब्ल्यू, 'आ'साठी ए एक की दोन, इथून तंटा सुरू होतो. नावात 'ळ' असला तर मामा त्याच्याकडे वळूनही पाहत नसत. शब्दांच्या मध्ये आडवी रेघ त्यांना चालत नसे, आकडे तर नाहीच नाही. "फोनवर सांगाचं कसं? दोन म्हनजे आकडा का अक्षर? गिऱ्हाईक इचारत बसते न तवर बाजूच्या दुकानात जाते." नाव लहान हवं, ऐकताक्षणी लिहिता यावं, आणि दोन शब्द जोडले तर भलतंच काही वाचलं जाऊ नये. हा शेवटचा नियम त्यांना अनुभवाने सुचला. चिखलदऱ्याकडचा मध पाहून आल्यावर त्यांनी मोठ्या उत्साहात 'मधुकारखाना' असं नाव घेतलं. त्या वेळी चाचणीला थांबायचीही त्यांची तयारी नव्हती. इंग्रजी अक्षरं एकाला एक लागून आली. शब्बीरभाईंना नंतर लिहून पाठवलं तर त्यांचा फोन आला, "ये मधुकर खाना क्या है भाई? कोई होटल खोला क्या?" मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कोन मधुकर? किती जन येऊन राहिले जेवाले?" तेव्हापासून घरात भाकरी वाढताना "मधुकर, खा ना" म्हणायची पद्धत पडली आणि मामा मुकाट्याने खाऊ लागले.

सकाळी सात वाजता मामांचा जुना कॉम्प्युटर सुरू होतो. आधी ते मुदत संपलेल्या नावांची यादी उघडतात. ज्यांच्या धन्यांनी पैसे भरले नाहीत अशी ती नावं, रोज हजारोंनी निघतात. मामा चष्मा नाकावर ओढून एकेक वाचतात आणि एखाद्या चांगल्या नावापाशी थांबून "अरे अरे, हे बी गेलं" असं म्हणतात. एखादं आवडलंच तर मग त्याची चौकशी. इंटरनेटवर एक जागा अशी आहे की तिथे कोणत्याही नावाखाली पूर्वी काय काय चालत होतं ते जुन्या पानांसकट पाहता येतं. मामा दहा-पंधरा वर्षं मागे जाऊन पाहतात, कुठे जुगाराचा धंदा नव्हता ना, कोणाला फसवलं नव्हतं ना. मग ते नाव कोणा कंपनीने आपलं म्हणून नोंदवलेलं आहे का, ते तपासतात. "दुसऱ्याच्या वावरात नांगर घालाचा नाई. कोर्टाचं काम लागते." तो शब्द महिन्याला किती लोक शोधतात, तेही त्यांना पाहता येतं. फक्त नावाची आपोआप किंमत सांगणाऱ्या यंत्रावर त्यांचा विश्वास नाही. एकदा गंमत म्हणून त्यांनी त्यात स्वतःचं नाव घातलं, मग माझं. माझी किंमत जास्त निघाली. दोन दिवस ते माझ्याशी तुटक बोलत होते आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ते मशीनच भंगार हाय."

असं सगळं असताना त्यांच्या हाती एक नाव लागलं, त्याची गोष्ट सांगायलाच हवी. बाळापूरला त्यांच्या दुसऱ्या भाचीचं लग्न होतं. नवरीचा मामा म्हणून त्यांना तिच्या मागे उभं राहायचं होतं. मुहूर्त दुपारचा साडेबाराचा. आणि त्याच सुमारास 'सरकी' या नावाचा इंटरनेटवर लिलाव संपणार होता. कापसातली सरकी. इंग्रजीत पाच अक्षरं, लिहायला एकच रीत, धारणीची चाचणी पहिल्या झटक्यात पास. कोणा परदेशी माणसाने ते सोडून दिलं होतं. लिलावाचा नियम असा की शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली वाढवली की वेळ आणखी पाच मिनिटं पुढे सरकतो. आमच्या लग्नांचा नियम असा की भटजींच्या मंगलाष्टका संपत आल्या की कोणी तरी मावशी घरी रचलेलं मंगलाष्टक घेऊन माइकपाशी येते. दोन्ही लांबत गेलं. इकडे मावशी गात होत्या, तिकडे मामा एका हाताने नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकत दुसऱ्या हाताने मोबाइलवर बोली वाढवत होते. लोकांना वाटलं, मामा हौसेने व्हिडिओ काढताहेत. तिसऱ्या मावशीनंतर भटजींनी "शुभमंगल सावधान" म्हटलं, अंतरपाट खाली गेला, वाजंत्री वाजली आणि मामा इतक्या जोरात "झालं! आपलं झालं!" असं ओरडले की नवरदेव दचकून एक पाऊल मागे सरला.

सरकीनंतर मामींनी मात्र बजावलं. त्या कमी बोलणाऱ्या बाई आहेत, म्हणून त्यांचं बोलणं घरात कायद्यासारखं चालतं. त्या म्हणाल्या, "आठ वर्षं झाली. एक तरी नाव कोनाच्या कामी आलं काय? दिवाळीपर्यंत एक जरी गेलं तं मी काई म्हननार नाई. नाई तं सगळे सोडून देजा." मामा हसले, पण त्या दिवशी ते जेवायला उशिरा आले. मी तेव्हा अमरावतीहून अकोल्याला त्यांच्याकडेच आलो होतो. पहिल्यांदाच मला वाटलं की या माणसाला हे सगळं हसण्यावारी नेलेलं आतून लागत असावं.

आणि दसऱ्याच्या आसपास, मी सुटीला अकोल्यात असताना, एकाच आठवड्यात सरकीला दोन विचारणा आल्या. पहिला माणूस दूरच्या शहरातला दलाल, गोड बोलणारा. त्याने सांगितलेली किंमत ऐकून मी खुर्चीतच सरळ झालो. दुसऱ्या होत्या भातकुलीकडच्या दोघी बहिणी. त्यांनी फोनवर वेळ घेतली आणि ठरलेल्या दिवशी एसटीने थेट अकोल्याला घरीच आल्या. मामींनी पोहे केले. थोरली बोलकी होती. घरच्या शेतातला कापूस पिंजून त्या लहान बाळांच्या गाद्या आणि उशा शिवत, गावातल्या सहा बायका कामाला होत्या, आणि पिशवीवर 'सरकी' हे नाव छापून तीन वर्षं झाली होती. मामांनी त्यांना कागद-पेन देऊन इंग्रजीत नाव लिहायला लावलं, लाइन खराब असल्यासारखं तोंडावर हात धरून पुन्हा विचारलं, पोहे गार झाले तरी त्यांची तपासणी संपेना. शेवटी धाकटी म्हणाली, "काका, आमी जास्त देऊ शकत नाई. तुमाले जमत असन तं सांगा. नाई तं नाव बदलू." मामा म्हणाले, "दोन दिवस द्या."

त्या दोन दिवसांत मामांनी दलालाला फोन केला. मी शेजारीच होतो. मामांनी विचारलं, "साहेब, नावाचं काय करसान?" तो म्हणाला, "करायचं काय? धरून ठेवू. पुढेमागे कोणी तरी येईलच." मामांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "आयकलं काय? धरून ठेवतो म्हनते. असा राग आला न मले त्याचा." आणि स्वतःच हसले. "अन् मी काय करून राहिलो, जवाईबापू? आठ वर्षं मी दुसरं काय केलं?"

मामी दारात उभ्या होत्या. दलालाची किंमत त्यांनीही ऐकली होती. मला वाटलं, आता काही तरी होणार. त्या फक्त म्हणाल्या, "त्या लहान पोरीनं दोनदा पोहे मागून घेतले. सांगा तिले, हो म्हना."

नाव दुसऱ्याच्या हवाली करायचं तर एक गुप्त संकेत द्यावा लागतो, अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ. बहिणी म्हणाल्या, मोबाइलवर पाठवा. मामा म्हणाले, नाही, अशी गोष्ट तोंडी सांगायची असते. त्यांनी बहिणींना फोन लावला, कपाळावरचे केस मागे सारले, पाठ ताठ केली आणि ज्या आवाजात ते एके काळी जिल्हाभर बोलत, त्या आवाजात सुरू झाले, "लिहून घ्या. अकोल्याचा ए. मूर्तिजापूरचा एम. सात. बडनेऱ्याचा बी, लहान लिपीतला. दर्यापूरचा डी." एकही अक्षर पुन्हा सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तपासलं तेव्हा सरकीच्या धन्याच्या जागी थोरल्या बहिणीची नोंद होती. मामींनी पेढे आणले. मामांनी एक पेढा खाल्ला आणि दुसरा बराच वेळ हातात धरून बसले.

संक्रांतीला आम्ही अकोल्याला गेलो. सकाळी मामांच्या कॉम्प्युटरवर दुसरंच काही उघडं होतं. पांढऱ्या पानावर छोट्या छोट्या गाद्या, हिरव्या काठाच्या उशा, आणि वर मोठ्या अक्षरांत सरकी. मामा काही विकत घेत नव्हते, नुसते वर-खाली पाहत होते. तेवढ्यात थोरल्या बहिणीचा तिळगुळाचा फोन आला. तिचा आवाज स्पीकरवर खणखणीत होता. धंदा बरा चालला होता, नागपूरहून, पुण्याहून मागणी येत होती. "अन् एक गंमत सांगू काका? आमाले दिसते ना, कोन्या गावाहून कोन पाहून राहिलं ते. अकोल्याहून रोज सकाळी सात वाजता कोनी तरी येते. सगळे फोटो पाहते. घेत काईच नाई, पन एक दिवस चुकत नाई. आमी दोघी बहिनी रोज सकाळी पाहतो, आलं का आपलं अकोल्याचं मानूस."

मामा मान खाली घालून चष्मा पुसत होते. म्हणाले, "असन कोनी तरी, ताई. अकोल्यात रिकामे लोक लय हायेत." फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आता दोन दिवसांआड जात जाईन. बरं नाई दिसत."

अमरावतीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी फोनवर सरकी उघडली, सगळ्या गाद्या, सगळ्या उशा शेवटपर्यंत पाहिल्या आणि बंद केली. मामांचा नागा असेल त्या दिवशी त्या पोरींना निदान अमरावतीचं तरी कोणी आलेलं दिसावं.