आडावरची तुळस

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बहिणीजवळ नाही, लेकीजवळ नाही. आमच्या ह्यांना अर्धी ठाऊक आहे, कारण अर्धी त्यांनीच केलेली आहे. उरलेली अर्धी माझी एकटीची — आणि तीच जड आहे. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर मी आत्तासुद्धा उठून चहा टाकला असता आणि विषय बदलला असता. त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आधी आमचा धंदा सांगते. धंदा म्हटलेलं ह्यांना खपत नाही, पण दुसरं काय म्हणू? मानवतमध्ये आम्ही घरं बांधतो आणि विकतो. एका वेळी एकच. गावाबाहेर प्लॉट घ्यायचा, नगरपालिकेतून बांधकामाचा परवाना काढायचा — माझ्या नावावर, ‘स्वतःच्या राहण्यासाठी’ म्हणून. घर उभं राहिलं की वास्तुशांत करायची, गावातल्या आमच्या जुन्या घराला कुलूप लावून सामान तिकडे हलवायचं आणि काही महिने खरोखर तिथं नांदायचं. मग गिऱ्हाईक बघायचं. घर विकलं की परत जुन्या घरी.

हे कशासाठी? तर धंदा म्हणून घरं विकणाऱ्याला नियम वेगळे. नाव नोंदवा, कागद दाखवा, आणि पुढं काही वर्षं घराला काही झालं तर निस्तरायची जबाबदारी तुमची. स्वतःला राहायला बांधणाऱ्याच्या मागे एवढं कुणी लागत नाही. ज्याचं त्याचं डोकं, ज्याच्या त्याच्या छताखाली. कोण कशाला विचारील? हे नेहमी म्हणायचे, “आपण काय बिल्डर हाव का? आपण घरमालक. घरमालकानं घर इकलं तर कुणाच्या बापाचं काय गेलं?”

पण परवान्यापेक्षाही मोठी सोय निराळीच होती, आणि ती सोय म्हणजे मी. राहतं घर लोक डोळे मिटून घेतात. बिल्डरच्या घरात माणूस भिंती ठोकून बघतो, नळ सोडून बघतो. आमच्याकडे आला की त्याला गॅसवर दुधाचं पातेलं दिसायचं, दारावर हळदीचे हात दिसायचे. मी त्याला बसायला पाट द्यायची, चहा द्यायची. घर चांगलं आहे असं मी एकदाही म्हटलेलं नाही. मी म्हणायची, “सोडून जायचं जिवावर आलंय हो.” हे वाक्य मी चार घरांत म्हटलं आणि दर वेळी डोळ्यांत पाणी आलं. पाणी खरं असायचं, हीच त्यातली मजा.

तर हे चौथं घर. प्लॉट स्वस्तात मिळाला, कारण त्यात एक जुना आड होता — तिथं शेत होतं तेव्हाचा, दगडानं बांधलेला, अरुंद पण खोल. तो नेमका आमच्या स्वयंपाकघराखाली येत होता. घर सरकवावं तर परवान्यात चारी बाजूंनी सोडायची जागा उरत नव्हती. ह्यांनी कुठल्या तरी पाडलेल्या घराची माती-दगड आणून आडात ओतली. असा आड भरायचा तर थरावर थर देऊन, पाणी मारून, ठोकून भरावा लागतो. तेवढा दम कुणाला? वरून फरशी बसली आणि काम झालं. परवान्याच्या नकाशात आड दाखवलाच नव्हता. नकाशाखाली सही माझी होती.

आमच्याकडे एक रीत आहे. आड बुजवला तरी त्याला पुरतं गाडू नये. आत एक पाइप उभा सोडायचा, वरचं तोंड उघडं. त्यातून आड श्वास घेतो म्हणतात. मी हट्ट धरून तो पाइप सोडायला लावला. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. खोट्या नकाशावर सही करताना माझा हात कापला नाही, पण पाइपाशिवाय आड बुजवायला मन धजेना. हसा तुम्ही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मीही हसले असते.

तो पाइप स्वयंपाकघराच्या भिंतीलगत, परसात वर निघाला. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला — असा पाइप दिसला की शेंबड्या पोरालासुद्धा कळतं, खाली काय आहे! मग घर विकणार कसं? मी गवंड्याला सांगून त्याच्याभोवती तुळशीवृंदावन बांधून घेतलं. पाइपाच्या तोंडावर फरशीचा एक तुकडा नुसता ठेवलेला, त्यावर माती, मातीत तुळस. ह्यांनी बघितलं आणि मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी अजून मुद्द्यावर आलेली नाही, हे मला कळतंय. येते.

ते घर महानंदानं घेतलं. महानंदा झरी गावची सून. लिंगायत घर, सासऱ्याची शेती, नवऱ्याचं इथं मानवतला भुसाराचं दुकान. तो रोज झरीहून ये-जा करायचा. मानवतला घर घेऊ म्हणून ती सासूसासऱ्यांशी बरीच वर्षं भांडत होती. शेवटी म्हातारा हो म्हणाला आणि सगळं बिऱ्हाड इकडे यायचं ठरलं. घर बघायला ती सासूला घेऊन आली. सासू पाटावरच बसून राहिली. महानंदा मला हाताला धरून परसात घेऊन गेली आणि म्हणाली, “ताई, मला भिंतीतलं कायबी कळत न्हाई. तुमी राहिलाव ना हितं? खोट आसंल तर आताच सांगा. मी लय भांडून घर घ्यायलेय.”

आम्ही वृंदावनाला टेकूनच उभ्या होतो. मी म्हटलं, “खोट असती तर माझ्या लेकीला ठेवलं असतं का इथं?” माझी लेक तेव्हा परभणीला होस्टेलवर होती. त्या घरात ती दिवाळीपुरती येऊन गेली होती.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? घर विकताना कोण खोटं बोलत नाही? मीही स्वतःला हेच सांगायची. एवढंच असतं तर मी तुमच्यासमोर बसलेच नसते.

राहायला आल्यावर थोड्याच दिवसांनी महानंदा आमच्या घरी आली. सोबत डबाभर पुरणपोळ्या. आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर तिचं घर, येणंजाणं सुरू झालेलं. मला ती सख्ख्या बहिणीसारखी मानायला लागली होती आणि मलाही ते आवडत होतं. आवडत होतं, हेही कबूल करते. ती म्हणाली, “सासूबाई म्हनायल्यात, आपल्यात बेलाचा मान. परसातलं वृंदावन काढून तितं बेल लावावा. तुमच्या हातची तुळस हाय, म्हनून आधी तुमाला इचारायला आले. काढू ना?”

वृंदावन काढलं की पाइप दिसणार. पाइप दिसला की आड कळणार. आड कळला की — पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोरून सरकलं. गावात होणारी छी-थू, ह्यांचं नाव, माझी नकाशाखालची सही. आणि मी, जिनं रीत मोडायला भिऊन आडात पाइप सोडला होता, त्याच मी देवाधर्माचं नाव घेऊन बोलले. म्हटलं, “नांदत्या घरातली तुळस उपटू नये, महानंदा. घराला लागतं. उलट रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत जा. घर भरेल तुझं.”

आता सांगते. मी त्या घरात होते तेव्हा तुळशीला वाटीभरच पाणी घालत होते. बेताबेतानं, कडेकडेनं. का? कारण खाली पाइप आहे आणि पाणी कुठं जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं. आडात नुसती ओतलेली माती. भिजली की बसणार. ह्यांना आड ठाऊक होता, वाटी ठाऊक नव्हती. वाटी फक्त मला ठाऊक होती.

मग मी तांब्याभर का म्हटलं? ‘उपटू नको’ एवढ्यावर भागलं असतं. पाण्याचं तिनं विचारलंही नव्हतं. माझं खोटं पुरतं धार्मिक वाटावं म्हणून मी ते वर घातलं, वरणावर तूप घालावं तसं. दुसरं काही कारण मला सापडलेलं नाही आणि मी शोधलंय.

तिनं ऐकलं. तिच्या घरची रीत नसताना, सासूला दुखवून ऐकलं, कारण ताईंनी सांगितलं होतं. पहाटे इष्टलिंगाची पूजा झाली की ती परसात यायची आणि तांब्या ओतायची. उन्हाळ्यात दोन. मी तिच्याकडे गेले की मला दाखवायची, तुळस किती दाट झाली. मी म्हणायची, “तुझ्या हाताला गुण आहे गं.”

पहिली चीर स्वयंपाकघराच्या दारावर आली. ती घाबरून मला बोलवायला आली. मी गेले, बघितलं, आणि म्हटलं, “काळी माती आहे बाई, इथं कुणाच्या भिंतीला चिरा नाहीत?” ते खरंच आहे. आमच्याकडची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, भिंती बोलतातच. मग फरशी एका अंगाला कलली. सांडलेलं पाणी आपोआप भिंतीकडे वाहायला लागलं. ती म्हणाली, “ताई, कुटं पाणी मुरायलंय का वो?” मी खिडकीतून वृंदावनाकडे बघितलं. माती अजून ओली होती, सकाळचा तांब्या नुकताच पडलेला. एक शब्द पुरला असता. ‘थांबव’, एवढाच. आड सांगायचीही गरज नव्हती, दुसरी एखादी थाप मारली असती तरी चाललं असतं! मी थापा मारण्यात कमी होते का? पण तुळशीचं सांगितलेलं फिरवलं तर तिला संशय येईल, असं वाटलं. ‘नाही गं, कुठं नाही,’ एवढं म्हटलं आणि घरी आले.

त्या पावसाळ्यात एका सकाळी स्वयंपाकघराची फरशी खचली. ओटा भिंतीपासून सुटला. सासू दूध तापवत उभी होती, ती फरशीसोबत खाली गेली. मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला, पण आधाराशिवाय ती परत कधी चालली नाही.

महानंदाचा नवरा ह्यांच्याकडे जाब विचारायला आला. सोबत एक इंजिनियर होता. त्यानं सरळच विचारलं, खाली पूर्वी काही होतं का? हे म्हणाले, “आमी तर सोता राहायला बांधलं होतं, साहेब. काय आसतं तर आमी राहिलो आसतो का?” परवाना तेच सांगत होता. मी आतून सगळं ऐकत होते. मग ट्रेमध्ये चहा घेऊन बाहेर आले, आणि इंजिनियरनं माझ्याकडे बघितलं तेव्हा म्हटलं, “साखर कमी तर नाही ना?”

आड कुणाला कळला नाही. वरून नुसता माती-दगडांचा खड्डा दिसत होता, तो उपसायला खर्च कोण करणार? पण दोष तर कुणाला तरी लागतोच. तो महानंदाला लागला. ते घर तिनं मागून घेतलं होतं ना? मी दवाखान्यात भेटायला गेले होते तेव्हा सासू खाटेवरून तिला माझ्यादेखत म्हणाली, “तू हट्टानं घर मागितलंस. घरानं माजा पाय मागितला.” महानंदा खाली बघून संत्रं सोलत होती. मी म्हातारीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

ते सगळे झरीला परत गेले. निघायच्या दिवशी टेम्पो आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबवून ती आत आली. हातात तेलाचा रिकामा डबा, डब्यात माती, मातीत तुळस — वरच्यावर काढलेली, खालची फरशी न हलवता. पाण्याचा तांब्या मी पुढं केला तर तिनं घेतला नाही. म्हणाली, “ताई, तुमची तुळस तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. मी एक दिवस पानी चुकवलं न्हाई, पर माज्या हातानं घर सांबाळलं गेलं न्हाई. मला माफ करा.” आणि वाकून माझ्या पाया पडली. पाय मागे घ्यायला मला पुरेसा वेळ होता. मी ते घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “माफ केलं, जा. सुखी राहा.”

ते घर अजून कुलूपबंद आहे. पडक्या घराला गिऱ्हाईक येत नाही. झरीहून कुणी आलं की कळतं, महानंदा आता घरात कशातच बोलत नाही. काही विचारलं तर ‘तुमी म्हनाल तसं’ म्हणते. आमचं पाचवं घर यंदा उभं राहतंय, आणि परवाना याही वेळी माझ्याच नावावर आहे.

तुळस आमच्या जुन्या घराच्या अंगणात लावली. चांगली फोफावली आहे. मी तिला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालते. इथं खाली आड नाही.