काशाच्या वाटीतली अंगठी

गेले पाच महिने हृषिकेशची झोप त्याच्या उजव्या अनामिकेत वस्तीला होती. रेगेन्सबर्गच्या मोटार कारखान्यात लागल्या लागल्या सोबतच्या नीलने ती काळी अंगठी सुचवली. झोप मोजायची, गुण द्यायची आणि पहाटे थरथरून उठवायची. याने लगेच घेतली. पाठोपाठ गादीखालची पट्टी आली, हळूहळू उजाडणारा दिवा आला. मधल्या सुट्टीत दोघं एकमेकांना गुण विचारायचे.

"किती?"

"एक्कावन्न."

"आल्झो, म्हणजे काठावर पास."

पण झोपेत अंगठीवरून अंगठा फिरला की ती बिचारी गप्प बसायची. पहाटेच्या शिफ्टला दोनदा उशीर झाला. प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतले कच्चे सहा महिने, संपत आले होते. तिसऱ्यांदा उशीर झाला तर नोकरी पक्की होणार नाही, असं मास्टरने, म्हणजे लाइनवरच्या मुकादमाने, आवाज न चढवता सांगून टाकलं.

रविवारी चिंचवडहून आईचा, कुसुमताईंचा, फोन आला.

"वाटी घासतोस का रे तळपायांना?"

"आई, त्यात मी किल्ल्या ठेवतो."

"छान. बाबांची वाटी ती. निघताना मुद्दाम बॅगेत घातली."

"मग त्यांना नको?"

"त्यांना आता झोपायला पेपर पुरतो."

सोमवारी पहाटेची शिफ्ट. आदल्या संध्याकाळी साडेआठलाच तो आडवा झाला. बाहेर जूनचं लख्ख ऊन, खाली मुलांच्या सायकली. डोळा लागेना. शेवटी उठून त्याने वाटीतल्या किल्ल्या काढल्या. सुपरमार्केटातलं बुटरश्माल्झ, आपलं तूपच ते, तळपायाला लावलं. अंगठी तुपकट नको म्हणून आधीच काढून ठेवली होती. मग वाटीने पाय घासू लागला.

तूप काळं पडत गेलं, आणि त्याला चिंचवडची खोली दिसली. रात्रपाळी करून आलेले बाबा, यशवंतराव, भर सकाळी खिडकीला चादर लावून पडायचे. आठ वर्षांचा हृषिकेश पायाशी बसून वाटी फिरवायचा. "बघ, किती उष्णता निघाली," म्हणता म्हणता बाबा घोरू लागायचे. मग तो चपला हातात घेऊन शाळेला निघायचा.

वाटी पुसून त्याने टेबलावर ठेवली, अंगठी तिच्यात टाकली, आणि पाठ टेकली ती टेकलीच.

सव्वाचारला टेबलावर टणटणाट सुरू झाला. अंगठी काशाच्या वाटीत नाचत होती. अंगठा फिरवायची सोय नव्हती, उठावंच लागलं. सहाला दहा कमी असताना तो लाइनवर उभा होता. मास्टरने घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पुढे गेला.

"किती?" सुट्टीत नीलने विचारलं.

"नोंदच नाही. अंगठी वाटीत होती."

सगळी हकिगत नीलने ब्रेड चावत ऐकली.

"वाटीची लिंक पाठव."

"आईला विचारतो," हृषिकेश म्हणाला.