ग्रामदर्शनातला येसकर

"हातात देऊ नका. वरून टाका."

हे वाक्य माझं. कुणा पाटलाचं नाही, कुणा साहेबाचं नाही. मी म्हणालो. छातीवर बिल्ला, अंगात इस्त्रीचा शर्ट, समोर तीसचाळीस पाहुणे. महाबळेश्वरला निघालेले, वाटेत घटकाभर उतरलेले. जमिनीवर एक म्हातारा घोंगडी पसरून बसला होता. एक बाई टोपलीतली भाकरी घेऊन वाकल्या आणि त्याच्या हातात ठेवायला गेल्या. माणूस माणसाला देतो तशी. मी त्यांना अडवलं. "पूर्वी असं देत नसत," म्हणालो आणि दुसरी भाकरी उचलून कमरेच्या उंचीवरून टाकून दाखवली. घोंगडीत पडली नाही, कडेला मातीत पडली. म्हाताऱ्यानं ती उचलली, फुंकली, कपाळाला लावली. लोक हसले. कुणीतरी कॅमेरा काढला.

तो म्हातारा माझा बाप होता.

वाईच्या पुढं, घाटाच्या पायथ्याला, सरकारनं ते गाव उभं केलं होतं. नाव ग्रामदर्शन. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, खऱ्या गावांतली माणसं अजून सावरत होती आणि इथं पाहुण्यांसाठी खोटं गाव तयार झालं. दगडी वेस. आत पाटलाचा वाडा, कुंभाराचं चाक, लोहाराचा भाता. माणसं मात्र खरी, पगारी बसवलेली. आणि वेशीबाहेर, मोटारी लावायच्या जागेशेजारी, एक झोपडी. महाराची. नकाशातच ती तिथं काढलेली होती. मी नकाशा पाहिला होता आणि काही बोललो नव्हतो.

ग्रामदर्शनाचे साहेब पुण्याचे. भला माणूस. कधी आवाज चढवला नाही, माझ्या शेजारी बसून जेवायचे. त्यांना जुन्या गावाचं वेड होतं. एक दिवस मला म्हणाले, "सगळे बलुतेदार झाले, येसकर तेवढा राहिला. नट नको मला. जोहार ज्याच्या तोंडात मुरलाय असा माणूस आणा. तुम्ही त्या समाजातले, तुम्हाला मिळेल. आणि हो, तुम्हाला कायम करावं म्हणून मी वर लिहितोय."

येसकर म्हणजे वेशीवरचा महार. गावाचा निरोप्या, गावाचा राखणदार. दिवसभर राबायचं आणि घरोघर फिरून भाकरी मागायची. हातात घुंगरांची काठी, तोंडात जोहार. बाकीचे एकमेकांना रामराम घालायचे. आमच्या वाट्याला जोहार, तोही जमिनीला हात लावून.

मी दोन वर्षं हंगामी मार्गदर्शक होतो. सांगलीच्या कॉलेजात बी.ए. केलेलं. तिथल्या वसतिगृहात मी स्वाभिमानावर भाषणं ठोकायचो, एकदा ढालही मिळाली. आता लग्न ठरत होतं आणि मुलीकडचे एकच विचारत होते, नोकरी कायम आहे का? मी आसपासच्या दोन वस्त्यांवर म्हातारी माणसं शोधत फिरलो. एकानं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि वाट दाखवली. दुसऱ्याच्या सुनेनं दार लावून घेतलं. मग मला आबा आठवले. माझा बाप.

आबांनी जोहार सोडला होता. आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी आपली काठी चावडीवर नेऊन ठेवली आणि पाटलाला सांगितलं, "ही तुमची काठी. आजपास्नं मी कुनाचा येसकर न्हाई." गावानं आमचं दळण बंद केलं. विहीर बंद केली. वाणी मीठ देईना. आबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले, कोरेगावच्या बाजारातून मीठ-मिरची डोक्यावर आणायला लागले. त्या खडीवर मी शिकलो. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

तरी गेलो. म्हणालो, "आबा, सोंग हाय हे. नाटकातल्यावानी."

आबा चिलीम साफ करत होते. "सोंगात राजाबी होता येतंय की रं. मला येसकरच का?"

मी म्हणालो, "माजी नोकरी कायम हुईल."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटीत बसल्यावर आपणहून म्हणाले, "तितं आबा म्हनू नगंस. मी तुला सायेब म्हनंन." मी हो म्हणालो. मला बरं वाटलं. खरं ते खरं. मला बरं वाटलं. साहेबांना मी सांगितलं, कोरेगावकडचा एक जाणता माणूस मिळालाय.

दिवसातून चारपाच गाड्या यायच्या. दर वेळी आबा वेशीपाशी वाकायचे. "जोहार मायबाप." पाहुणे आपल्या हातानं भाकरी टाकायचे, कारण तशी सोय ठेवली होती, लोकांना भाग घ्यायला आवडतं म्हणून. मी शेजारी उभा राहून बोलायचो. आमचं एकेक दुखणं मी असं सांगायचो, जसं वाड्याच्या तुळईवरचं कोरीवकाम सांगायचो. आवाजही तोच. दुपारी मी साहेबांबरोबर कँटीनला जेवायचो. आबा झोपडीत बसून त्या टाकलेल्या भाकरी खायचे. एकदा कुंभार मला म्हणाला, "सायेब, म्हाताऱ्याला भाकरीसंगं कोरड्यास तरी द्या की." मी बघतो म्हणालो. संध्याकाळी गाड्या गेल्या की मी झोपडीकडं फिरकायचो नाही. कुणी पाहिलं असतं, काही विचारलं असतं.

बाराव्या दिवशी एक जीप आली. उतरले ते आमच्या गावचे पाटील.

तेच. थकलेले, काठी टेकत, बरोबर सुना-लेकी. मला त्यांनी ओळखलं नाही. मी लहानपणीच शिकायला बाहेर पडलेला. वस्तीतली पोरं ते नावानं ओळखत होते असंही नाही. आबांना मात्र क्षणात ओळखलं.

"आरं, सख्या न्हवं का ह्यो?"

आबा बसल्या जागी ताठ झाले. पाटील जवळ आले. "गावात माज्या चावडीवर काठी टाकलीस आन् हितं सरकारी जोहार घालतोस व्हय रं? घाल की मग. लय वर्सं ऱ्हायलाय माजा."

साहेब मागून आले. त्यांना आनंद झाला. "ओळखीचे निघाले? वा! एकाच गावचे पाटील आणि येसकर! होऊ द्या, होऊ द्या." तिथल्या फोटोवाल्याला त्यांनी हाक मारली.

आबा हलले नाहीत. बारा दिवस यंत्रासारखा जोहार घालणारा माणूस तो एक जोहार घालेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बारा दिवसांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत पाहिलं.

"सायेब, काय करू?"

त्यांना नाही म्हणता आलं असतं. गाव उपाशी मारायला उठलं होतं तेव्हा ते नाही म्हणाले होते. पण इथं पणाला त्यांचं काही नव्हतं, माझी नोकरी होती. म्हणून त्यांनी ते माझ्यावर सोपवलं. एक शब्द मला बोलायचा होता. साहेब माझ्याकडं बघत होते. फोटोवाला तयार होता.

मी म्हणालो, "घाला."

आबा उठले. वाकले. मातीला हात लावला. "जोहार, पाटील."

पाटील हसले नाहीत. हसले असते तर मी सोसलं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, इतक्या वर्षांनी एखादी गोष्ट जागच्या जागी बसावी तशी. मग टोपलीतली भाकरी उचलली आणि हात वर केला.

तेव्हा माझे पाय हलले. मी मधे जाऊन उभा राहिलो. भाकरी माझ्या छातीवर आपटून खाली पडली. "बास," मी ओरडलो. "हे माझे वडील आहेत. आबा, चला."

मी बिल्ला काढून साहेबांच्या हातात दिला. ते खरोखर गोंधळले होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "अहो, तुम्ही आधी सांगायचं होतं. मी दुसरा कुणीतरी बघितला असता."

मी आबांची घोंगडी उचलली आणि चालू लागलो.

वाईच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो. चहा आणला, आबांनी घेतला नाही. मग म्हणाले, "भाकरीचं काय न्हाई. ल्हानपनी लय झेलल्या. तू मधी पडलास त्ये बी ठीक. पर तू घाला म्हनलास."

"चुकलं माझं, आबा."

"व्हय," आबा म्हणाले. तेवढंच. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आजवर म्हणाले नाहीत, आणि मी पुन्हा माफी मागितली नाही.

पाटील महाबळेश्वर उरकून गावी पोचले तशी बातमीही पोचली. गिरणीवर पोरं आबांना ऐकू जाईल असं एकमेकांना जोहार घालायला लागली. ज्या माणसानं मिठावाचून दिवस काढले पण मान वाकवली नाही, तो आता चावडीवरून जायचं सोडून ओढ्याच्या अंगानं वळसा घालून जातो. हे त्या गावानं केलेलं नाही. गावाला जे जमलं नव्हतं ते मी बारा दिवसांत करून दाखवलं. लग्नही मोडलं. त्याचं मला काही वाटलं नाही.

वाटतं ते साहेबांच्या त्या वाक्याचं. दुसरा कुणीतरी बघितला असता. आधी त्या वाक्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मग एके दिवशी पाणी भरताना लक्षात आलं की मीही तोच हिशोब केला होता. त्या दोन वस्त्यांवर मी काय शोधत फिरत होतो? दुसराच कुणीतरी. तो मिळाला असता तर मी आजही तिथं उभा असतो, त्याला भाकरी वरून टाकायला लोकांना शिकवत असतो, आणि महिन्याच्या महिन्याला आबांना मनीऑर्डर पाठवत असतो. बाप होता म्हणून मी ओरडलो. माणूस होता एवढं मला पुरलं नव्हतं.

काल फलटणकडचा एक ओळखीचा भेटला. म्हणाला, ग्रामदर्शनात नवा येसकर आलाय. आमच्या फलटणकडचाच म्हातारा. बरं करतो काम.

मी त्या म्हाताऱ्याला ओळखत नाही. त्याचं नावही विचारलं नाही. उद्या पहिल्या एसटीनं मी वाईला जातोय. त्याच्याशेजारी जमिनीवर बसणार आहे आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगणार आहे की हे गाव कुणी उभं केलं, ही झोपडी वेशीबाहेर का आहे आणि या जागी आधी कुणी कुणाला बसवलं होतं. माझं नाव सांगूनच सांगणार. बाहेर काढतील, पोलिसात देतील. सुटलो की परत जाईन. त्या जागी कुणीच बसलेलं नाही असा दिवस येईपर्यंत मी जात राहणार.