बांधावरचा तांबेरा

माझ्या आणि चुलतभावाच्या रानात एकच सामाईक बांध होता. त्यावरची हरळी एक वर्ष त्याच्या म्हशीला, एक वर्ष आमच्या, ही वडिलांच्या वेळची वाटणी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका माघात त्याच्या गव्हावर तांबेरा पडला. पानाला हात लावला की बोटं विटकरी व्हायची. हरळीवरही तशीच भुकटी होती. त्या वर्षी हरळी आमच्या वाट्याची, म्हणून तांबेराही आमचाच ठरला. माझा गहू दुसऱ्या जातीचा. तो स्वच्छ राहिला, तेव्हा तर संशय पक्का झाला.

बांध खरवड, नाहीतर मी पेटवतो, असं त्याने ओट्यावर येऊन सांगितलं. मी आठवडाभर जुन्नरला नोकरीत, रविवारी रानात. भांडायला अंगात त्राण नव्हतं. पण हरळी गेली की पावसात बांध ढासळणार, हे दोघांनाही कळत होतं. मी दोन आठवडे मागून घेतले.

शेतकी खात्यातल्या ओळखीच्या माणसाने सांगितलं होतं की तांबेरा दिसायला सारखा असला तरी हरळीचा वेगळा, गव्हाचा वेगळा. एकाचा दुसऱ्यावर धरत नाही. ऐकून मान्य करायचा माझा स्वभाव नाही. तांबेरा दिसला तेव्हाच त्याच्या बियाण्याचा गहू मी दोन डब्यांत लावून ठेवला होता. एकाच्या पानांना हरळीची भुकटी चोळली, दुसऱ्याच्या पानांना गव्हाची. दोन्ही डबे रात्रभर ओल्या गोणपाटाखाली, वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवले. मुदत संपेपर्यंत गव्हाची भुकटी लावलेल्या पानांवर फोड आले. हरळीचा डबा हिरवागार राहिला.

चुलतभावाने दोन्ही डबे उन्हात धरून पाहिले.

"मंग माझ्या गव्हावर आला कुठनं?"

लांबच्या कुठल्यातरी गव्हावरून, वाऱ्याने, असं मी म्हणालो.

"वाऱ्याला काय बोलू, भाऊ? तू हाकंवर हायेस."

बांध मात्र त्याने पेटवला नाही.

पुढच्या वर्षी हरळी त्याच्या वाट्याची होती आणि तांबेरा परत आला. तो ओट्यावर आला नाही. जिंकल्याचा आनंद करण्याइतका जीव माझ्यातही उरला नव्हता. पेरणीच्या तोंडावर तो माझ्या जातीचं बियाणं मागायला आला. बांधाचा विषय त्याने काढला नाही. मी पोतं उचलून त्याच्या सायकलवर ठेवलं.