गैरहजर धरलेला येसो

फोन आला तेव्हा माझ्या तव्यावर घावणा होता. येसोची मुलगी डोंबिवलीहून बोलत होती. "आत्या, बाबा गेले… सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि पेपर नेऊन देईपर्यंत…" पुढचं तिला बोलवेना. मी फोन ठेवून चुलीकडे आले तर घावणा काळाठिक्कर. येसो असता तर त्यानं तोही गूळखोबऱ्याबरोबर संपवला असता आणि वर "शालू, आज बरो खरपूस झालोसा गो," म्हणाला असता. मला रडू आलं ते त्या घावण्याकडे बघून.

यशवंत माझा मामेभाऊ. गावात त्याला कोणी यशवंत म्हटलेलं मी ऐकलं नाही. मालवणपासून थोडं आत आमचं गाव, आणि गावच्या रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालायचा मान मामांच्या घराकडे. मामांना सगळे तात्या म्हणत. जत्रा असो, पेरणी असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो, आधी देवापुढे नारळ ठेवून तात्या खड्या आवाजात सगळं देवाच्या कानावर घालणार, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणणार. गाऱ्हाणं झाल्याशिवाय कशालाही सुरुवात नाही. असल्या घरातला एकुलता एक मुलगा मॅट्रिक होऊन मालवण बंदरातून बोटीत बसला आणि मुंबईला गेला, तेव्हा तात्यांनी त्याला निरोप दिला खरा, पण तो परत येईल या बोलीवर.

पन्नासचं दशक संपता संपता तो एका कचेरीत कार्डांना भोकं पाडायच्या मशीनवर होता. तिथून एका संशोधन संस्थेत चिकटला. तिथे नुकता कॉम्प्युटर आलेला. मे महिन्यात घरी आला आणि आईकडे स्वेटर विणून मागितला. मामी घाबरली, मुलाला हिवताप भरतो की काय म्हणून तिनं काढा उकळायला घेतला. मशीनच्या खोलीत थंडी ठेवावी लागते, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. माणसं घामाघूम आणि मशीनाला गारवा, हा कुठला न्याय, असं ती म्हणे. स्वेटर मात्र तिनं विणला, बिस्किटी रंगाचा, एक बाही जरा लांब.

"काय काम करतंस रे थंय?" तात्यांनी विचारलं.

"सकाळी मशीन चालू करतंय."

"मगे दिसभर?"

"दिसभर ता काम करता. मी बघतंय."

"गिरणीतलो बाबूय मशीन चालू करता," तात्या म्हणाले. "तेका मुंबैक जावचा लागला नाय."

येसो हसला, पण त्याला ते लागलं होतं. संध्याकाळी माडांखाली बसून त्यानं मला सगळं समजावलं. मी तेव्हा शिक्षिकेचं शिक्षण घेत होते, म्हणजे समजून घेणं हे माझं कर्तव्यच होतं. रात्री बंद केलेलं मशीन सकाळी अगदी कोरं असतं. आपण कोण, आज वार कोणता, काही ठाऊक नाही. मग टेपवरून त्याचा मुख्य प्रोग्राम आत घ्यायचा. आज माझा नातू त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो आणि तिच्या गाभ्याला कर्नल. हा कारभारी गादीवर बसण्याआधी त्याला सगळं सांगून ठेवायचं: आजची तारीख, स्वतःसाठी किती जागा राखायची, कुठल्या टेपा चालू आहेत, कुठली दुरुस्तीला गेली आहे. काही खटके वर-खाली करून, काही टाइप करून. एकदा का तो कामाला लागला की मग ऐकत नाही. काही बदलायचं तर सगळं बंद करून पहिल्यापासून सुरुवात, आणि तोवर झालेली गणितं पाण्यात. एकदा एक टेप नादुरुस्त आहे हे सांगायला येसो विसरला, तर मशीन त्या टेपची वाट बघत सकाळभर ढिम्म बसून राहिलं. साहेबांनी त्याची चंपी केली.

"जो नाय तेचा आधी सांगूक होया गो," तो म्हणाला. "नायतर सगळा घोडा थंयच अडता."

पुढच्या जत्रेला तो आला तेव्हा तात्यांनी स्पष्टच सांगितलं, आता नोकरी पुरे. "तू गेलंस तर ह्या घरातला गाऱ्हाणा माझ्या मागसून बंद पडला असा समज." येसोला मशीनही सुटत नव्हतं आणि बापाला दुखवून जाणंही जमत नव्हतं. चोरून जाणाऱ्यांतला तो नव्हे. त्याला तात्यांचा होकार हवा होता, आणि तात्या काही 'हो' म्हणणाऱ्यांतले नव्हेत. त्यात जत्रेच्या दिवशीच तात्यांचा घसा बसला. आवाजच फुटेना. त्यांनी खुणेनंच येसोला पुढे केलं, आणि मामीनं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे आता हा इथेच अडकला.

येसोनं नारळ ठेवला. सुरुवात तात्यांसारखीच. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे जमली आसत. चुकला-माकला पदरात घे, म्हाराजा." "व्हय म्हाराजा." मग त्याची गाडी भलतीकडेच वळली. "देवळामागची बाव आटली आसा, तिच्या पाण्याचो भरवसो धरू नको, म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "बाबल्याचो पाय मोडलोसा, पालखीक तेचो खांदो धरू नको, म्हाराजा." "व्हय म्हाराजा." माणसं एकमेकांकडे बघत होती, पण साद चुकत नव्हती. आणि त्याच सुरात, श्वास न घेता: "ह्या घरातलो येसो मुंबैक कामाक आसा. वरीसभर तो गावात नसतलो. तेची वाट बघू नको, तेका गैरहजर धर, आणि थंय तेका सुखी ठेव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात एक घोगरा, बसलेला आवाज सगळ्यांच्या मागून आला. तो तात्यांचा होता. जन्मभराची सवय… तोंडातून निघून गेलं.

देवळाबाहेर तात्या कसेबसे म्हणाले, "माझ्याच तोंडान वदवून घेतलंस मरे."

"आता फुडल्या जत्रेपर्यंत बदलूक येणा नाय, तात्यानू," येसो म्हणाला. तात्यांना हसू आवरेना, आणि हसताना खोकला आवरेना. मामी मात्र आठवडाभर दोघांशी बोलली नाही.

पुढच्या वर्षी येसो आला नाही. तात्यांचा आवाज परत आला होता. विहिरीला पाणी होतं, बाबल्या पालखीला होता, आणि तरी तात्यांनी गाऱ्हाणं मध्येच थांबवलं. मग म्हणाले, "आमचो येसो हजर नाय, म्हाराजा. तो थंय मशीन चालू करता. ता चालू रवांदे." मी त्याला हे पत्रानं कळवलं. उत्तरात त्यानं दुसरं काही लिहिलं नाही, फक्त तात्यांना चष्म्याचा नंबर विचार, म्हणाला, आणि महिन्याभरात तात्यांसाठी मुंबईहून चष्मा आला.

तेव्हापासून रीतच पडली. आता अर्धा गाव मुंबई-पुण्याला, काही दुबईला, आणि गैरहजरांची नावं घेता घेता गाऱ्हाणं इतकं लांबतं की पोरं कंटाळून गोड खाज्याच्या दुकानांकडे पळतात. मी येसोला फोनवर चिडवायचे, तुझ्यामुळे आम्हाला उन्हात तिष्ठत राहावं लागतं म्हणून.

येसो गेल्यानंतर काही आठवड्यांनी यंदाची जत्रा आली. आता गाऱ्हाणं तात्यांचा पुतण्या सुधाकर घालतो. नावं घेत घेत तो येसोच्या नावापाशी आला आणि अडला. नाव गाळावं तरी पंचाईत, घ्यावं तरी पंचाईत. मग सुधाकर हळू आवाजात म्हणाला, "तात्याचो येसो इतकी वर्सां आमी गैरहजर म्हणान सांगलो, म्हाराजा. आता तो तुझ्याकडेच इलोसा. आजपासून तेका हजर धर."

गाऱ्हाण्याला बायकांनी साद द्यायची आमच्याकडे रीत नाही. मी मोठ्यानं "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि कोणीही मागे वळून बघितलं नाही.