गाडीखालचं कुत्रं
कुत्र्याच्या इमानाला जगात तोड नाही, असं आमचे काका सांगत. बैलगाडीच्या वंगणाचा वास आला की मला ते वाक्य आठवतं. निजामाच्या अमलात काका तहसिलीत कारकून होते आणि घरातही गोंड्याची लाल रुमी टोपी घालूनच बोलत. एकदा आम्ही सगळे दोन दिवस कपिलधारला राहायला गेलो, तेव्हा मी पिलापासून वाढवलेलं काळं कुत्रं बरोबर नेलं. आमच्याकडची कुत्री प्रवासात गाडीखाली, दोन चाकांमधल्या सावलीत चालतात, तसं तेही चाललं. तिथल्या धबधब्यापाशी वीसेक गाड्या सोडलेल्या होत्या. हवेत पाण्याचे तुषार, चुलींचा धूर आणि ओल्या कडब्याचा वास. परतताना बैल जुंपल्यावर मी खाली बघायला उतरू लागलो, तर काकांनी दंड धरला. "बैस बे! त्याच्या इमानावर शक घेतो का?" आई म्हणाली, "भावजी, एकदा वाकून बघायला काय जातंय?" "वहिनी, माणसावर शक घ्या, कुत्र्यावर न्हाई." घरी चौसाळ्याला येईपर्यंत फळ्यांच्या फटीतून धापा ऐकू येत होत्या, म्हणून मीही निर्धास्त होतो. दारात गाडी थांबली आणि काकांनी शेजाऱ्यांदेखत ऐटीत हाक मारली. गाडीखालून एक पिवळं कुत्रं शेपूट हलवत बाहेर आलं. आमचं काळं कुणाच्या गाडीच्या सावलीतून कुठल्या गावी गेलं, ते मला या वयापर्यंत कळलेलं नाही. पिवळं मात्र नऊ वर्षं राहिलं. गाडी जुंपली की त्याला दाव्याने गाडीला बांधत, आणि गाठ काका स्वतः मारत.